एकाकीपण आणि दोषाचा प्रश्न : 'टोकियो स्टोरी', जनाबाई आणि सोबतीची नीती

१

एकाकीपण हा आपल्या साहित्यविचारातील एक रुळलेला विषय आहे. साठोत्तरी मराठी समीक्षेने तो मुख्यतः अस्तित्ववादाच्या परिभाषेत हाताळला. परात्मता, तुटलेपण, महानगरात हरवलेली व्यक्ती या संज्ञांच्या आधारे नवकवितेचा, नवकथेचा आणि पुढील कादंबरीचा बराचसा भाग आपल्याला वाचता आला, हे मान्य केले पाहिजे. मात्र या परिभाषेत एक साधा नैतिक प्रश्न मागे पडला. एखादा माणूस एकाकी होतो, तेव्हा कोणाचे काही चुकलेले असते काय?

अस्तित्ववादी समीक्षेच्या दृष्टीने हा प्रश्नच गैरलागू ठरतो. एकाकीपण ही मानवी स्थितीच असेल, तर तिच्याबद्दल जाब कोणाला विचारणार? आपल्या कौटुंबिक नाटकाने नेमके याच्या उलट टोक गाठले. तेथे एकाकीपण हा अन्याय असतो, आणि अन्याय असल्यामुळे अन्यायकर्ताही असावाच लागतो. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' (१९७०) या नाटकात अप्पासाहेब बेलवलकर आपली मिळकत मुलांना वाटून देतात, आधी मुलाच्या आणि मग मुलीच्या घरी अवमानित होतात, आणि चोरीचा आळ आल्यावर घर सोडतात. नाटकाची भव्यता बेलवलकरांच्या वाणीत आहे, यात शंका नाही. परंतु प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते त्याचवेळी त्याच्या मनात एक निवाडाही होऊन जातो. मुले कृतघ्न आहेत, हा तो निवाडा. असा निवाडा देऊन प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातो, कारण आपण त्या मुलांसारखे नाही, अशी त्याची खात्री असते.

म्हणजे पहिल्या भूमिकेत कोणीच उत्तरदायी नाही आणि दुसरीत दुसरा कोणीतरी उत्तरदायी आहे. दोन्ही भूमिकांत वाचक मोकळा सुटतो. या दोहोंखेरीज एकाकीपणाचा नैतिक विचार करता येईल काय, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी दोन आधार घेतले आहेत. एक, यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) हा चित्रपट. आणि दुसरा, परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची म्हणून परंपरेला ठाऊक असलेल्या जनाबाईची कविता. या दोहोंत प्रभावाचा संबंध अर्थातच नाही. परंतु सोबत म्हणजे काय आणि ती कोणी कोणाला देणे लागतो, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी दोषारोपाविना उभा राहतो, आणि तेवढ्यापुरते त्यांना एकत्र वाचणे उपयुक्त आहे.

२

'टोकियो स्टोरी'चे कथानक दोन-चार वाक्यांत सांगून संपते. ओनोमिची या समुद्राकाठच्या गावी राहणारे शुकिची आणि तोमी हे वृद्ध जोडपे टोकियोतल्या मुलांना भेटायला जाते. मोठा मुलगा कोइची उपनगरात दवाखाना चालवतो, मुलगी शिगे केशभूषेचे दुकान चालवते. दोघांनाही वेळ नाही. युद्धात मरण पावलेल्या मुलाची विधवा नोरिको मात्र कचेरीतून रजा काढून त्यांना शहर दाखवते. पुढे मुले वर्गणी काढून आईवडिलांना आतामीच्या उष्णोदकांच्या ठिकाणी पाठवतात. तेथल्या रात्रभराच्या गोंगाटाने ती दोघे लवकरच परततात. गावी पोचता पोचता तोमी आजारी पडते आणि मरण पावते. मुले येतात, अंत्यविधी करतात आणि निघून जातात. शुकिची एकटा उरतो.

या कथानकातून 'नटसम्राट' सहज निघू शकला असता. ओझू आणि त्यांचे सहलेखक कोगो नोदा यांच्यासमोर लिओ मॅकॅरी यांच्या 'मेक वे फॉर टुमॉरो' (१९३७) या अमेरिकी चित्रपटाचे उदाहरणही होते. त्यात म्हाताऱ्या आईवडिलांना मुलांच्या सोयीपोटी एकमेकांपासून वेगळे व्हावे लागते. ओझूंच्या चित्रपटात मात्र असे कोणतेही एकच कृत्य दाखवता येत नाही की ज्याला अपराध म्हणावे. कोइची सहलीचा बेत मोडतो, कारण एका आजारी मुलाला तपासायला त्याला जायचे आहे. शिगे कंजूष आहे, तिची जीभ तिखट आहे, आईवडिलांची ओळख ती गिऱ्हाइकापुढे गावाकडची ओळखीची माणसे अशी करून देते. परंतु मृत्यूच्या क्षणी सर्वांत मोठ्याने तीच रडते, आणि ते रडणे खोटे नाही. थोड्याच वेळाने आठवण म्हणून आईची वस्त्रे तीच मागते, आणि ते मागणेही खोटे नाही. हारुको सुगिमुरा यांच्या अभिनयाचे सामर्थ्य या दोन गोष्टींत विरोध न दाखवण्यात आहे. माणसे अशीच असतात, एवढेच तो अभिनय सांगतो.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. हा चित्रपट वर्गात चर्चेला घेतला की पदव्युत्तर विद्यार्थी बहुधा शिगेलाच दोषी ठरवतात. ही प्रतिक्रिया चुकीची म्हणता येणार नाही. चित्रपटातच तिला जागा आहे. धाकटी मुलगी क्योको, जी गावी शिक्षिका आहे, ती अंत्यविधीनंतर हाच राग व्यक्त करते. नोरिको तिला समजावते की मुले मोठी होतात तसतशी त्यांची आयुष्ये वेगळी होत जातात, आणि नको वाटले तरी आपणही एके दिवशी तसेच होऊ. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की चित्रपट क्योकोला गप्प करत नाही आणि नोरिकोला विजयी करत नाही. क्योको शाळेत निघून जाते. तिचा राग विझला आहे की नाही, हे आपल्याला कळत नाही. तिचा राग आणि नोरिकोची समज या दोन्ही गोष्टी न जुळवता शेजारी शेजारी ठेवल्या जातात, आणि या लेखातील विवेचनाचे मूळ तेथे आहे.

३

मुलांचा दोष ठरवताना आपण ज्या संकल्पनेचा आधार घेतो ती ऋणाची संकल्पना आहे. आईवडिलांनी वाढवले, म्हणून त्यांचे ऋण फेडले पाहिजे, हा युक्तिवाद इतका परिचित आहे की त्याची तपासणी करावी असे वाटत नाही. तथापि तैत्तिरीय संहितेत तीन ऋणांचा जो विचार आला आहे, तो पाहण्यासारखा आहे. ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने, देवांचे ऋण यज्ञाने आणि पितरांचे ऋण प्रजेने फिटते, असे तेथे म्हटले आहे. पितरांचे ऋण संततीने फिटते, म्हणजेच ते मागे वळून फेडायचे नसून पुढे द्यायचे आहे. ऋणको आणि धनको यांच्यातील नेहमीचा व्यवहार येथे नाही. मागच्या पिढीकडून घेतलेले पुढच्या पिढीला दिले की माणूस मुक्त होतो.

या निकषावर कोइची आणि शिगे निर्दोष ठरतात. त्यांनी घर उभे केले आहे, व्यवसाय उभा केला आहे. कोइचीला दोन मुलगे आहेत. प्रवाह पुढे वाहतो आहे. तरीही आतामीच्या बांधावर शेजारी शेजारी बसलेल्या त्या दोन वृद्धांकडे पाहताना काहीतरी राहून गेले आहे, असे वाटते. ते जे राहिले आहे ते ऋणाच्या भाषेत मांडता येत नाही.

कायद्याच्या भाषेतही ते मांडता येत नाही. आपल्याकडील २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमाने निर्वाहाची व्याख्या करताना अन्न, वस्त्र, निवास आणि वैद्यकीय उपचार यांचा उल्लेख केला. निर्वाहभत्त्यासाठी दरमहा १०,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली. आणि वृद्धांचा त्याग करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. या कायद्याची गरज नाकारण्याचे कारण नाही. परंतु शुकिची आणि तोमी त्या न्यायाधिकरणासमोर गेले असते, तर त्यांची तक्रार काय असती? त्यांना अन्न मिळाले, निवास मिळाला, उष्णोदकांच्या ठिकाणी मुक्कामही मिळाला. मिळाले नाही ते कोणत्याही न्यायाधिकरणाला देववता आले नसते. कांटने १७९७ च्या 'नीतीचे तत्त्वमीमांसाशास्त्र' या ग्रंथात प्रेम ही भावना म्हणून कर्तव्य होऊ शकत नाही, कारण भावना आज्ञेने उत्पन्न होत नाही, असे प्रतिपादन केले आहे. सोबतीचेही तसेच आहे. आज्ञेने आलेला माणूस खोलीत हजर असतो, एवढेच.

जपानच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९४७ च्या नागरी संहितेतील बदलांनी तेथील जुनी कुलव्यवस्था आणि थोरल्या मुलाचा एकट्याचा वारसाहक्क रद्द झाला. त्या व्यवस्थेत आईवडिलांना सांभाळणे हा वारशाचाच भाग होता. ओझूंचा चित्रपट त्यानंतर सहा वर्षांनी आला. कुलाचे बंधन सैल झाल्यावर माणसे एकमेकांना काय लागतात, हा प्रश्न त्या काळी तेथे नुकताच उघडा पडला होता. तो अद्याप मिटलेला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये जपानने एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला आणि एप्रिल २०२४ पासून त्याविषयीचा कायदा अमलात आणला. राज्यसंस्थेला या प्रश्नात हात घालावा लागतो, याचा अर्थ कुटुंबातल्या कोणा एकाकडे बोट दाखवून तो सुटत नाही, हे तेथे मान्य झाले आहे.

४

सोबत ही ऋण नसेल तर ती आहे तरी काय? येथे जनाबाईकडे वळावे लागते. परंपरा सांगते की गंगाखेडला जन्मलेली ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या, घरी आली आणि दासी म्हणून तेथेच राहिली. घर माणसांनी भरलेले होते. ती मात्र त्या घरात होती आणि त्या घरची नव्हती. एकांत तिच्या वाट्याला आला नाही; एकाकीपण आले. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, ही भाषेची पुण्याई आहे. एकांत माणूस शोधतो, आणि एकाकीपणात तो सापडतो. संतकवितेच्या अभ्यासात जनाबाईच्या अनुभवाला अनेकदा एकांतभक्तीच्या चौकटीत बसवले गेले आहे. पण दळण, कांडण, शेणी, पाणी यांनी भरलेल्या तिच्या दिवसात एकांत कोठे होता, हे विचारले पाहिजे.

तिच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो, तिची वेणीफणी करतो. या अभंगांचा अर्थ सामान्यतः देवाचे भक्तवात्सल्य म्हणून लावला जातो. तो अर्थ स्वीकारूनही दळण्याच्या क्रियेकडे जरा थांबून पाहायला हवे. जाते ही मुळात दोघींनी वापरायची वस्तू आहे. दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला हात घालतात, एक हात फिरवत राहते तेव्हा दुसरी मुठीने दाणे टाकते. ओवीही त्या फेऱ्यांबरोबर या तोंडातून त्या तोंडात जाते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; त्यांतून बायकांचे जे जग दिसते ते या जोडीच्या श्रमातून जन्मलेले आहे. एकटीला जाते ओढता येते, परंतु ते जड जाते, आणि समोरची बाजू रिकामी दिसत राहते.

जनाबाईच्या कवितेत देव येतो तो या रिकाम्या बाजूला येऊन बसतो. तो तिचे काम करून टाकत नाही. चमत्काराने पीठ तयार होत नाही. तो खुंट्याला हात घालतो, म्हणजे श्रम तसेच राहतात आणि जागा भरते. सोबतीची याहून नेमकी व्याख्या मला मराठी कवितेत अन्यत्र आढळलेली नाही. सोबत करणारा दुसऱ्याचे दुःख दूर करत नाही. तो त्या माणसाच्या कामात, त्याच्या वेळात, त्याच्या शेजारी अथवा समोर जागा घेतो.

ओझूंच्या दृश्यरचनेचाही हाच अर्थ आहे, असे वाटते. त्यांचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर, किंबहुना किंचित खाली असतो. ज्यांनी ढाळजेत किंवा ओसरीवर घोंगडीवर बसून माणसे पाहिली आहेत, त्यांना ही पातळी परकी वाटणार नाही. त्या पातळीवरून दिसणारी माणसे पुष्कळदा शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून, एकसारख्या बैठकीत बसलेली असतात. प्रवासाची बांधाबांध करताना, आतामीच्या बांधावर, सर्वत्र शुकिची आणि तोमी अशीच दिसतात. ती फारसे बोलत नाहीत. चित्रपटाच्या अखेरीस तीच खोली, तीच पातळी, तोच शुकिची; शेजारची जागा तेवढी रिकामी. चिशू ऱ्यू यांचा चेहरा तेव्हा जवळजवळ हलत नाही, आणि हलण्याची गरजही नसते. जात्याच्या समोरची बाजू आणि चटईवरची शेजारची जागा या दोन रिकाम्या जागांत फरक आहे, तो असा की एक कधी भरलेलीच नव्हती आणि दुसरी भरून रिकामी झाली. परंतु दोन्ही ठिकाणी अभाव दिसतो तो जागेच्या रूपाने, आणि तो कोणाच्याही नावावर मांडलेला नाही.

५

येथपर्यंतचे विवेचन मान्य केले तरी एक गंभीर अडचण उरते, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सोबत ही ऋणापलीकडची गोष्ट आहे, असे म्हटल्यावर ती प्रत्यक्षात कोण देते, हे पाहावे लागते. 'टोकियो स्टोरी'त ती विधवा सून देते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या मराठी चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री एका हत्तीमागे चालत जातात आणि वाट चुकतात; त्यांना सांभाळते ती माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा, आणि तिलाच ते आई मानतात. 'नटसम्राट'मध्ये शेवटी जवळ येतो तो बूटपॉलिश करणारा पोरगा राजा. जनाबाई स्वतः दासी आहे. म्हणजे ज्यांना वारशात वाटा नाही, घरात हक्क नाही, त्यांच्याकडून ही निर्हेतुक सोबत येते, आणि आपण तिला मानवतेचे दर्शन म्हणतो. ज्याला काही मागण्याचा अधिकारच नाही, त्याच्या न मागण्याला निरपेक्षता म्हणणे कितपत योग्य आहे? सोबतीचे हे तत्त्वज्ञान म्हणजे स्त्रियांच्या आणि दुर्बळांच्या श्रमाला दिलेले सुंदर नाव तर नव्हे?

हा आक्षेप बाहेरून आणलेला नाही. नोरिकोच्या वर्तनात तो अंतर्भूत आहे. अखेरच्या प्रसंगी शुकिची तिला म्हणतो की पोटच्या मुलांहून तिनेच अधिक केले, आणि तोमीचे घड्याळ तिला देतो. नोरिको ही स्तुती स्वीकारत नाही. आपण तुम्हाला वाटतो तितक्या चांगल्या नाही, असे ती सांगते. पतीची आठवण न काढता कित्येक दिवस जातात, काही घडावे म्हणून मन वाट पाहते, असे कबूल करते. समीक्षकांनी या कबुलीला सहसा विनयाचे किंवा अपराधभावाचे नाव दिले आहे. माझ्या मते येथे नोरिको एक भूमिका नाकारते. सद्गुणी सुनेची मूर्ती एकदा मान्य केली, की तिने केलेली सोबत तिच्या विधवापणाचे कर्तव्य ठरेल, आणि तिचे पुढचे आयुष्य त्या मूर्तीला बांधले जाईल. आपणही एकाकी आहोत, हे ती प्रथमच सांगते. सेत्सुको हारा यांच्या चेहऱ्यावरचे एरवीचे हास्य तेथे मोडते, आणि सोबत देणाऱ्याच्या समोरची बाजूही रिकामी होती, हे ध्यानात येते. शुकिची तिला पुनर्विवाहाचा आग्रह करतो, हे त्या म्हाताऱ्याचे मोठेपण आहे. आपल्याला मिळालेल्या सोबतीवरचा हक्क तो सोडून देतो.

'अस्तु'मध्ये या आक्षेपाचे दुसरे अंग दिसते. तेथील मुलगी इरा वडिलांना टाकत नाही. ती थकलेली आहे, आणि वडील हरवतात ते तिच्या एका क्षणाच्या गैरहजेरीत. चन्नम्माची माया पाहून इराला दोष द्यायचा, तर चन्नम्माने त्यांना एक दिवस सांभाळले आणि इराने वर्षानुवर्षे, हेही मोजावे लागेल. दोषाचा हिशेब येथे लागत नाही, ही त्या चित्रपटाची प्रामाणिक बाजू आहे.

६

आता मूळ प्रश्नाकडे परतता येईल. एकाकी माणसाला सोबतीचा हक्क आहे काय? एखाद्या नावाच्या व्यक्तीविरुद्ध बजावता येईल असा हक्क नाही, असे वरील विवेचनावरून म्हणावे लागते. पण यावरून त्याची मागणीच खोटी ठरते, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. मागणी खरी आहे. ऋणकोचे नाव मात्र कोरे आहे. कायद्याला नाव लागते, म्हणून तो मुलांपर्यंत येऊन थांबतो. मेलोड्रामाला नाव लागते, म्हणून तो कृतघ्न मुलगा किंवा मुलगी घडवतो. अस्तित्ववादी समीक्षेला नाव सापडत नाही, म्हणून ती मागणीच रद्द करते. कोऱ्या नावाची मागणी तशीच जिवंत ठेवणे हे कलाकृतीला साधते, आणि 'टोकियो स्टोरी'ची व जनाबाईच्या अभंगांची नैतिकता मला तेथे दिसते. नाव कोरे असल्यामुळे जो जवळ असेल त्याला ती मागणी लागू होते. दोष नसतानाही दायित्व असू शकते, ही गोष्ट आपल्या नैतिक शब्दकोशात अजून नीट नोंदली गेलेली नाही.

हा विचार परभणीसारख्या जिल्ह्यात केवळ सैद्धांतिक राहत नाही. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या भागांतून दरवर्षी ऊसतोडीच्या हंगामात जोडपी कोयता घेऊन कारखान्यांच्या मुलखात जातात, आणि अनेक घरांत म्हातारी माणसे व नातवंडे मागे राहतात. दुसरीकडे शिकलेली मुले पुणे-मुंबईला किंवा त्याहून दूर स्थिरावतात. दोन्हींची कारणे भिन्न आहेत, आणि त्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. एकाला पोटाने नेले आहे आणि दुसऱ्याला संधीने. पण मागे राहिलेल्या माणसाच्या संध्याकाळी फारशा वेगळ्या नसतात. ऊसतोडीला गेलेल्या मुलाला कृतघ्न म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तरीही म्हातारीच्या एकटेपणाची मागणी त्यामुळे कमी होत नाही. ग्रामीण साहित्याच्या समीक्षेने स्थलांतराचे अर्थकारण पाहिले, आणि ते आवश्यकच होते. गावात राहिलेल्यांची ही निनावी मागणी मात्र तिने पुरेशी ऐकलेली नाही.

ओझूंच्या चित्रपटाच्या आरंभी शेजारीण खिडकीशी येऊन प्रवासाची चौकशी करते. अखेरीस ती त्याच खिडकीशी येते आणि आता एकटे वाटेल, एवढेच बोलते. ती नात्याची नाही, तिच्यावर ऋण नाही, तिचा दोष नाही. ती दोन वाक्ये बोलून निघून जाते. तेवढ्याने शुकिचीचा दिवस लहान होत नाही. पण चित्रपटातली मुले आपापल्या गाड्यांनी परत गेल्यावर जे कोणी उरते, त्यांत ती असते. आणि दायित्वाचा विचार सुरू करायचा तर तो त्या खिडकीपासून करावा लागतो.